सगळी बॅच हिरवी

सकाळी मेसमध्ये पोह्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या तिसऱ्या वर्षाच्या झाडून सगळ्या पोरांच्या मनगटावर हिरवा दिवा होता, आणि तो बघून सुलभा तांडेलला शिसारी आली. ती या वैद्यकीय महाविद्यालयाची समुपदेशक. परीक्षा तोंडावर आलेली, वॉर्डात रोज मरण बघणारी ही पोरं, आणि एकजात सुखी? काहीतरीच काय!

मनगटावरची ही मनपट्टी सक्तीची होऊन वर्ष झालं होतं. नाडीच्या ठोक्यांवरून ती मनावरचा ताण ओळखायची. ताण वाढला की दिवा लाल. लाल झालेल्याने सुलभाकडे यायचं आणि हिरवा होईपर्यंत वॉर्डात पाऊल टाकायचं नाही, असा डीन घोरपड्यांचा नियम. वॉर्ड बुडाला की हजेरी बुडाली, हजेरी बुडाली की वर्ष गेलं. मग कोण कशाला लाल होतंय? सुलभाच्या खोलीकडे कुणी फिरकत नव्हतं. "बघा, कसली खणखणीत पिढी घडवतोय आपण!" म्हणत डीनसाहेब पाहुण्यांपुढे मिरवत.

त्याच दुपारी फोन आला. तिसऱ्या वर्षाची दमयंती मडावी वॉर्डात राउंड चालू असतानाच कोसळली होती. सुलभा धावत पोचली. पोरगी ऑक्सिजनवर, ओठ निळे, छातीचा भाता झालेला. आणि पट्टी? हिरवीच!

श्वास जरा जागेवर आल्यावर सुलभाने विचारलं, "काय घेतलंस, बाळा?"

"ठोके मंद करणारी गोळी. सगळेच घेतात, मॅडम."

"अगं, तुला दमा आहे! दम्याला ती चालत नाही, हे शिकवलं नाही तुला?"

"त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी होते मला," दमयंती ओशाळून म्हणाली. "आई गेल्यापासून झोपच नाही. पट्टी सारखी लाल व्हायची. वाटलं, निभेल."

तेवढ्यात हे ऐकत डीन आत आले. "पट्टीला आता गोळी ओळखायला शिकवू," ते म्हणाले. "आणि हिला सहा महिने घरी पाठवा." पोरीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. शी! या माणसाच्या हाताखाली आपण काम करतो, याचीच सुलभाला किळस आली.

डीन दारापाशी जाऊन फोनवर बोलू लागले, तसा दमयंतीने सुलभाचा हात घट्ट धरला. "मॅडम, मी ठणठणीत आहे म्हणून सांगा ना त्यांना! वर्ष गेलं तर बाबा परत नाही पाठवायचे."

"सांगते," सुलभा हलकेच म्हणाली. "पण मग तू ठणठणीत नाहीस, हे तू कुणाला सांगणार गं?"