न चढलेली नशा

सिडनी फर्नांडिसला ओळखलं ते गळ्यातल्या क्रुसावरून. चेहऱ्यावर ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं.

देवबागच्या किनाऱ्यावर जाळी ठेवायच्या मांगरात कोणीतरी त्याच्यावर कोयता चालवला होता, आणि तो मेल्यावरही चालवत राहिला होता. रक्त थेट आढ्यापर्यंत उडालं होतं. प्रेताशेजारी, हातात तोच कोयता घेऊन, सिडनीच्या होडीवरचा खलाशी आग्नेल गाढ झोपला होता. हलवूनही उठेना. दंडावर सुईची ताजी खूण, बाजूला सिरिंज आणि ब्राऊन शुगरची पुडी.

दुसऱ्या दिवशी आग्नेलची बहीण कार्मेलिना कणकवलीला खासगी तपासनीस अनुजा सामंतच्या ऑफिसात आली. कपाळावर खोक पडली होती. सिडनीच्या बायकोनं, जॉयसीनं, दगड मारला होता.

"माझ्या भावान मारूक नाय," ती म्हणाली. "आदी तो ब्राऊन शुगर घेय होतो, खोटा कित्याक सांगू? पण आता डॉक्टराची गोळी घेता. रोज सकाळी मी समोर बसान दितंय. गिळल्यान काय ता जीभ बघून ठरवतंय."

तिनं पाकीट पुढे केलं. नाल्ट्रेक्सोन, व्यसन सोडलेल्यांना देतात ती गोळी.

"खुनाच्या दिवशी दिली होतीस?"

"दिलंय. पोलीस म्हणतत, गोळी घेणारोय सुई मारता."

"गावात कोणाला माहीत आहे?"

"कोणाक नाय. लोक हसतले."

ती गेल्यावर अनुजाचा सहकारी, निवृत्त हवालदार लवू, बिडी पेटवत म्हणाला, "बाय, हे लोक घसरतत. मी लय बघितलंय."

"मीही बघितलेत, लवूकाका. गाडी काढा."

मालवणात इन्स्पेक्टर धुरींनी फोटो दाखवले. आग्नेलचे दोन्ही तळवे लालभडक होते. चेहरा आणि केस स्वच्छ.

"डॉक्टरांनी डोळे तपासले होते?" अनुजानं विचारलं.

"बॅटरी मारून. बाहुल्या नेहमीसारख्या. पण लघवीत ब्राऊन शुगर सापडली."

कोठडीत आग्नेल गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. "जाळी आवरली, चहा पिलंय, डोळे जड झाले. पुढचा माका काय आठवणा नाय," तो म्हणाला. "सिडनी माका भावासारखो होतो."

मासळीचा व्यापारी नुरुद्दीन यानं त्याच आठवड्यात लिलावात सिडनीला तंगड्या तोडायची धमकी दिली होती. त्यानं ती नाकारली नाही. "रागान बोललंय. पण त्या सांजेक मी रेडी बंदरात होतंय. ट्रकवालो साक्ष दितलो." मग जरा थांबून म्हणाला, "स्टॅनलीक विचारा. कितके दिस झाले तो झोपणा नाय. होडीचा मशीन खोलता नि जोडता."

स्टॅनली सिडनीचा भागीदार. मासेमारीबरोबरच दोघं पर्यटकांना समुद्रात डुबकी मारायला नेत. भर दुपारी तो वाळूत बसला होता, हातात पाना, भोवती मशीनचे सुटे भाग. एवढ्या उन्हातही त्याच्या डोळ्यांत काळंच जास्त दिसत होतं. दात एकमेकांवर घासत होते.

"मी डोळ्यांनी बघितलंय," तो घाईघाईनं म्हणाला. "तेणा सुई मारल्यान. मान पडली, तोंडार हसू. सिडनी तेका बोललो, तसो उठलो आणि कोयतो घेतल्यान. मी भियान पळालंय."

"चहा कोणी केला होता?"

"मीच करतंय, रोज."

अनुजानं धुरींना फोन केला. ते आल्यावर स्टॅनलीला घेऊन सगळे मांगरात गेले. वाळलेल्या रक्तावर माशा बसल्या होत्या.

"प्रत्येक नशा मेंदूत एकाच जागी पोचते," अनुजा म्हणाली. "तिथे डोपामिन सुटतं आणि माणसाला वाटतं, हे पुन्हा हवं. लवूकाकांची बिडीसुद्धा तिथेच जाते. पण वाटा वेगळ्या. त्या जागेवर लगाम धरणाऱ्या पेशी असतात. ब्राऊन शुगर त्यांनाच गुंगवते. लगाम सुटतो, माणूस पेंगतो, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात. नाल्ट्रेक्सोन मात्र ब्राऊन शुगरच्या कुलपात आधीच जाऊन बसतं. मग सुई टोचली तरी नशा चढत नाही."

"म्हणजे आग्नेलाक चढलीच नाय?" लवूनं विचारलं.

"नाही. म्हणून बाहुल्या नेहमीसारख्या. मग ते हसू, ती पडलेली मान स्टॅनलीनं कुठे पाहिली? गोळीची गोष्ट त्याला माहीत नव्हती, म्हणून त्यानं ठरावीक चित्र रंगवलं."

"पण तो उठत नव्हता," धुरी म्हणाले.

"झोपेच्या गोळ्यांची वाट तिसरीच, ती नाल्ट्रेक्सोन अडवत नाही. चहातून त्या दिल्या. सुई तो झोपल्यावर टोचली. आढ्यापर्यंत रक्त उडवणाऱ्याचा चेहरा कोरडा राहील का? आग्नेलचे फक्त तळवे माखले होते. कोणीतरी ते माखले."

ती स्टॅनलीकडे वळली. "तू घेतोस ती एमडी, म्हणजे मेफेड्रोन, कुठलाही लगाम सोडत बसत नाही. डोपामिनचा साठाच बाहेर ढकलते आणि परत आत जाऊ देत नाही. झोप जाते, जबडा थांबत नाही, बाहुल्या उन्हातही मिटत नाहीत. बेत तू शांतपणे केलास, पण कोयता हातात आल्यावर तुला थांबता आलं नाही. तुझं रक्त तपासू या?"

स्टॅनलीनं हातातला पाना फिरवला. लवू मध्ये पडला. त्याच्या खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तरीही त्यानं दुसऱ्या हातानं स्टॅनलीचा गळा धरला आणि त्याला जाळ्यांवर आपटलं. धुरींनी बेड्या घालेपर्यंत स्टॅनली चावत, ओरबाडत राहिला.

"माझ्यो पुड्यो सिडनीन दर्यात टाकल्यान," स्टॅनली धापा टाकत म्हणाला. "उद्या तुका पोलिसांत दितंय म्हणालो. माका त्यो व्हयो होत्यो. दुसरा काय नको होता."

सिडनीला माती देण्याच्या दिवशी, कोठडीतून सुटलेला आग्नेल चर्चच्या फाटकाबाहेर, सगळ्यांपासून लांब उभा राहिला. आत जायचं धाडस त्याला होईना. कार्मेलिनानं हात ओढला, तरी तो हलला नाही.

शवपेटी उचलायची वेळ आली. खांदा द्यायला एक माणूस कमी होता. जॉयसी पायऱ्या उतरून फाटकापर्यंत आली.

"आग्नेल," ती म्हणाली, "पायाकडचो खांदो तू दी."

तो चप्पल काढून आत गेला.