दुसरा कान

ही गोष्ट घडलेली आहे. ज्यांना पटणार नाही त्यांना मी पटवत बसणार नाही. मी स्वतःलाही अजून पटवलेलं नाही.

आधी एक सांगते. ती रात्र नव्हती. लख्ख दुपार होती. मंगळवार, सव्वातीन. ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावरची मागची खोली. खिडकीतून ऊन थेट टेबलावर आलेलं, आणि बाहेर कॉफीच्या यंत्रापाशी चार माणसं हसत उभी.

अशा वेळी कुणाला भीती वाटते का?

माझ्या भाचीला वाटली. घरात तिला आम्ही बारकी म्हणतो, भावंडांत सगळ्यांत धाकटी म्हणून.

बारकी काय काम करते ते मला बरेच दिवस कळत नव्हतं. संगणकाला आवाज काढायला एक भाग लागतो, साउंड कार्ड. त्याला चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. तो यंत्राच्या अगदी गाभ्यात बसतो, त्या गाभ्याला ते लोक कर्नल म्हणतात. यांची गंमत अशी, की यांचं कार्ड खरं नसतंच. आहे, असं यंत्राला नुसतं भासवायचं. ना तार, ना माइक, ना स्पीकर. आणि मग तपासायचं, की या नसलेल्या कार्डात घातलेला आवाज जसाच्या तसा परत येतो की नाही.

त्यात एक चाचणी शांततेची. दहा सेकंद शांतता आत घालायची. दहा सेकंद शांतताच बाहेर यायला हवी.

ती चाचणी मास्तरांनी लिहिली होती.

मास्तर तिथले सर्वांत जुने तपासनीस. निम्म्या ऑफिसला त्यांनी हाताला धरून काम शिकवलं, म्हणून मास्तर. यंत्र आकडे जुळवून पास-नापास सांगतंच, पण मास्तरांचा त्यावर भरवसा नव्हता. रोज हेडफोन लावून ते स्वतः ती शांतता ऐकत. हेडफोनचा डावा कान फाटलेला, त्यावर काळी चिकटपट्टी. बटण दाबण्याआधी बोटातली अंगठी टेबलावर तीनदा वाजवायची त्यांना सवय. टक, टक, टक. पोरं म्हणायची, मास्तर रिकाम्या डब्याला कान लावून बसलेत, आत काय शिजतंय विचारा. मास्तरही हसायचे.

एके दिवशी ते हसले नाहीत.

हजारो वेळा चाचणी सरळ जायची. आणि मग एखाद्या वेळी... त्या शांततेत कुणाचा तरी आवाज यायचा. अर्धा शब्द. कधी नुसता श्वास.

त्यात भुताखेताचं काही नव्हतं. मास्तरांनी बारकीला नीट समजावलं होतं. ड्रायव्हर जागा न पुसताच पुढे देतो, पाटी न पुसता दुसऱ्याच्या हातात द्यावी तसं. आधीच्याचं उरलेलं पुढच्याला ऐकू येतं. उद्या कुणाचं खासगी बोलणं भलत्याच्याच कानी जाईल. ड्रायव्हर पुन्हा लिहायला हवा, असं त्यांचं म्हणणं. साहेबांना तो महिनाअखेरीला गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा होता.

तिथे एक नियम होता. अशी क्वचित होणारी चूक दोन माणसांनी अनुभवली, तरच ती खरी. एकट्यानेच ऐकली तर तिला योगायोग म्हणायचं आणि चाचणी दुर्लक्षाच्या यादीत टाकायची.

मास्तरांनी दुसरा कान म्हणून बारकीला बोलावलं. तिला नोकरीला लागून अकरा महिने झालेले. कायम होण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर पडलेला. सकाळीच साहेबांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की मास्तरांच्या नादी लागू नकोस, त्यांचं आता वय बोलतंय.

तिने हेडफोन लावले.

आवाज आला. आदल्या चाचणीतल्या बाईचा. "थांब जरा." अगदी स्वच्छ.

मास्तरांनी विचारलं, "ऐकलंस ना?"

साहेब दारात उभे होते.

"नाही, मास्तर. मला काही ऐकू आलं नाही."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं."

एवढंच.

सहा आठवड्यांनी त्यांना घरी बसवलं. पत्रात लिहिलं होतं, नसलेल्या चुका काढून काम अडवतात. पुढे चार महिन्यांत ते गेले. झोपेतच. बारकी कायम झाली. मास्तरांच्या घरी भेटायला ती गेली नाही, कुठल्या तोंडाने जाणार? त्यांचं टेबल मात्र तिच्याच वाट्याला आलं. खणात चिकटपट्टीचे हेडफोन तसेच होते.

आता त्या मंगळवारचं.

ड्रायव्हरची पुढची आवृत्ती जायची होती. चारला साहेबांना निकाल हवा होता. यंत्र कोरं करकरीत, बारकीने स्वतः खोक्यातून काढलेलं. या चाचण्यांआधी त्यावर एक शब्दही वाजलेला नव्हता. मागे उरायला जुनं काही नव्हतंच.

सगळ्या चाचण्या पास.

खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. दुर्लक्षित. नापास: १.

शांततेची चाचणी तेव्हापासून दुर्लक्षाच्या यादीत होती, पण यादीतल्या चाचण्याही चालतात. त्यांचा निकाल कुणी मोजत नाही, इतकंच. तिला ती ओळ सोडून देता आली असती. तिने त्या चाचणीत बाहेर आलेल्या आवाजाची फाईल उघडली. हेडफोन लावले.

काही नाही...

काही नाही...

टक.

बाहेर कुणी कप आपटला असेल, असं तिला वाटलं.

टक.

टक.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. तिथेच, जिथे अंगठीने पडलेला बारीकसा खळगा होता.

मग तिने ते आभासी कार्डच काढून टाकायला सांगितलं. यंत्राने नकार दिला. काढता येत नाही. वापरात आहे. वापरणारे: १.

कोण वापरतंय, ते तिने विचारलं.

यंत्राने यादी दाखवली...

यादी रिकामी होती.

तिने चालू होतं ते एकेक करून बंद केलं. पुन्हा विचारलं. वापरणारे: १.

का कोण जाणे, तिने हेडफोन परत कानाला लावले. दहा सेकंदांची फाईल. आठ... नऊ... दहा.

थांबायला हवी होती.

अकरा.

बारा.

आणि मग... बोलण्याआधी माणूस घेतो तसा श्वास.

"ऐकलंस ना?"

तोच सूर. राग नाही, काही नाही. आणि त्यापुढे, उत्तरासाठी कुणी थांबावं तेवढी जागा.

बाहेरचं हसणं थांबलं होतं. तिने वर पाहिलं. साहेब दारात उभे होते.

"काय, आलं का काही त्यात?"

बारकी मला म्हणाली, मावशी, या वेळी कुणाच्या टेबलावर माझा कागद नव्हता. मला कुणी काढणार नव्हतं. एक "हो" पुरलं असतं. मेलेल्या माणसाला दुसरा कान मिळाला असता. मी तोंड उघडलं ते हो म्हणायलाच.

"नाही, साहेब. मला काही ऐकू आलं नाही."

साहेब गेले.

आणि तिच्या डाव्या कानात, चिकटपट्टीच्या बाजूला, कुणीतरी हळूच म्हणालं...

"बरं."

पडद्यावर आकडा बदलला. वापरणारे: ०.

फाईल पुन्हा लावली तर दहा सेकंदांची. कोरी. आकडे सगळे शून्य.

त्या दिवसापासून शांततेची चाचणी एकदाही नापास झाली नाही. साहेबांनी ती मोठ्या मनाने यादीतून काढली आणि सगळ्यांसमोर बारकीची पाठ थोपटली. ती अजून रोज चालवते, हजारोंनी. दुपार झाली की हेडफोन लावून बसते. पोरं आता तिच्या मागे तोच डब्याचा विनोद करतात. ती हसत नाही.

मागच्या रविवारी ती माझ्याकडे आली होती. वाळली आहे. जेवली नाही धड. दुपारी मला टेबलाशी बसवलं, लॅपटॉप उघडला आणि ते हेडफोन माझ्या कानाला लावले. म्हणाली, दहाच सेकंद.

मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. ती माझ्या.

मग तिने हेडफोन काढले.

"ऐकलंस ना, मावशी?"

नियम तिनेच मला सांगितलेला. दुसरा कान हो म्हणाला, तरच ते खरं. एकदा खरं झालं की या पोरीने ते घेऊन कुठे जायचं?

"नाही गं बाई," मी म्हटलं. "मला काही ऐकू आलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

तेव्हापासून दुपारी घर शांत झालं, की मी उगाचच भांडी वाजवत बसते.