सारंगचा नंबर

“अहो, पण मी देशच सोडून चाललोय ना!”

काउंटरवरच्या मुलीला परोपरीने इंग्रजीतून सांगून दमलेला तो उंच माणूस शेवटी चक्क मराठीत बोलला. ती तरी काय करणार बिचारी! “काँट्रॅक्ट इज काँट्रॅक्ट, लाह,” असं तिथल्या लकबीत म्हणून तिने हात वर केले. मागे टोकन घेऊन बसलेली भार्गवी मात्र खुदकन हसली... आणि त्याने वळून पाहिलं.

परदेशातल्या, बेडोकच्या त्या मोबाइलच्या दुकानात आपली मराठी चिडचिड कुणाला कळेल, असं त्याला वाटलं नव्हतं. तो आधी ओशाळला, मग स्वतःही हसला. झालं! काही माणसांनी खरं म्हणजे अनोळखी मुलींसमोर असं हसूच नये.

“दंड मागतायत?” तिने विचारलं.

“करार संपायला वेळ आहे म्हणे. उरलेल्या सगळ्या महिन्यांचे पैसे भरा म्हणतात. न वापरलेल्या फोनचे!”

“मग बंद कशाला करताय? दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर करून द्या. करार त्याच्याकडे जातो, दंड लागत नाही. अटींमध्ये अगदी तळाशी लिहिलंय. आपणहून कुणी सांगत नाही, एवढंच.”

“तुम्ही त्या अटी वाचल्यात?”

वाचल्या होत्या. भार्गवी इथल्या विद्यापीठात संशोधन करायची, बारीक अक्षर दिसलं की तिला राहवत नसे. तिच्या जुन्या कंपनीचा करार नुकताच संपला होता आणि आज ती या कंपनीचं कनेक्शन घ्यायला आली होती.

“पण असा दुसरा कोण मिळणार मला?” तो म्हणाला.

“मी घेते की,” ती म्हणाली. म्हणून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. “म्हणजे... मला घ्यायचंच आहे नाहीतरी.”

त्याचं नाव सारंग. दोघांनी आपापले पास, म्हणजे इथे राहण्याचे परवाने, घेऊन एकत्र यायला हवं, असं काउंटरवर कळलं. सारंगचा पास खिशात होता, भार्गवीचा घरी. म्हणजे पुढचा शनिवार. बाहेर पाऊस कोसळत होता, म्हणून दोघं समोरच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत थांबली. पन्हाळीचं पाणी धो धो वाहत होतं... आणि त्या आवाजात एकमेकांचं ऐकू यावं म्हणून जरा जवळ उभं राहावंच लागत होतं.

“जाताय कुठे?”

“पुण्याला. आई एकटी असते. विसरायला लागलीये सगळं. गॅस विसरते, शेजारणीचं नाव विसरते. माझा इथला नंबर तेवढा तोंडपाठ आहे तिला.” त्याने शर्टाची भिजलेली बाही पिळली. “आता मीच तिच्याजवळ असेन म्हणा. फोन करायची वेळच येणार नाही.”

पुढच्या शनिवारी भार्गवी पुन्हा पास विसरली. “अय्या, खरंच हो... सॉरी!” म्हणाली. मग हॉकर सेंटरमध्ये, एका छपराखालच्या त्या खाण्याच्या टपऱ्यांवर, चहा झाला, पराठे झाले, चहा पुन्हा झाला. त्याने तिला बॅडमिंटनमधल्या फजित्या सांगितल्या, तिने त्याला लॅबमधल्या. पराठ्याचा शेवटचा तुकडा दोघांनी एकमेकांकडे इतका वेळ सरकवला की टेबल पुसायला आलेल्या आजींनी ताटलीच उचलून नेली.

तिसऱ्या शनिवारी मात्र सह्या झाल्या. सारंगचा नंबर भार्गवीचा झाला. दंडाचं नावही कुणी काढलं नाही. दोघं बाहेर आली तेव्हा काम फत्ते झाल्याचा आनंद दोघांच्याही चेहऱ्यावर नव्हता.

“मागच्या वेळी पास तुमच्या पर्समध्येच होता,” सारंग हळूच म्हणाला. “पैसे काढताना दिसला मला.”

तिचे कान लाल झाले. “मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर... कामच झालं असतं ना.”

ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. “सारंग, मला तुम्हाला एक सांगायचंय—”

“नको.” त्याने तिला पुढे बोलूच दिलं नाही. “माझं परत यायचं काही खरं नाही. तुमचं सगळं काम इथे. कुणाला थांब म्हणायचा मला काय हक्क? फोनही नको करूया. सवय लागली की सुटत नाही.”

आणि तो गेला. पोचल्याचा मेसेजसुद्धा आला नाही. भला माणूस शब्दाला इतका पक्का असला की राग तरी कुणावर काढायचा?

भार्गवी मात्र त्याच्या नंबरासकट मागे राहिली. बॅडमिंटनवाल्यांचे फोन यायचे, चष्म्याच्या दुकानातून फोन आला. “ते आता भारतात असतात,” असं ती प्रत्येकाला सांगायची आणि प्रत्येक वेळी तिला नव्याने तुटल्यासारखं व्हायचं. प्रेम होतं ते, दुसरं काय! सांगायचं राहून गेलेलं.

मग एके दुपारी लॅबमध्ये फोन वाजला. भारतातला नंबर होता.

“सारंग आहे का गं?” एक म्हातारा आवाज कुजबुजला. “मी त्याची आई बोलतेय.”

भार्गवी हातातलं काम टाकून उठली. “ते... मीटिंगमध्ये आहेत.”

“त्याला म्हणावं, लवकर घरी ये. घरात एक परका माणूस येऊन राहिलाय. मला गोळ्या देतो, वेणी घालतो. वाईट नाहीये गं, वरण छान करतो. पण माझ्या सारंगच्या खोलीत झोपतो! आता आंघोळीला गेलाय, म्हणून बोलतेय.”

“सांगते हं मी त्यांना,” भार्गवी कशीबशी म्हणाली आणि जिन्यात जाऊन पोटभर रडली. ज्या मुलाला बघायला आई आसुसली होती, तोच तिची वेणी घालत होता. हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? तिने सांगितलं नाही.

फोन येत राहिले. सारंग कधी भाजी आणायला गेलेला असे, कधी गच्चीत कपडे वाळत घालत असे. भार्गवी त्याच्या आईशी गप्पा मारायची. चकलीची भाजणी कशी करायची, सारंग लहानपणी किती हट्टी होता, सगळं ऐकायची. “तो परका माणूस कधी कधी रडतो गं,” एकदा त्या म्हणाल्या. “कुणी नसेल बिचाऱ्याचं.”

एका रविवारी मात्र त्यांचा आवाज करडा होता. कुजबुजणं नाही, काही नाही.

“दर वेळी तूच उचलतेस. माझ्या मुलाचा फोन तुझ्याकडे कसा? तू त्याची कोण?”

ऑफिसातली आहे, असं सांगता आलं असतं. पण या माउलीशी खोटं बोलून बोलून भार्गवी थकली होती. आणि जे तिला बोलू दिलं गेलं नव्हतं, ते आज कुणीतरी तिला सरळ विचारत होतं.

“माझं प्रेम आहे त्यांच्यावर, आई,” ती म्हणाली. “त्यांना माहीत आहे. पण त्यांनी मला बोलू दिलं नाही. मी वाट बघेन. त्यांनी सांगितलं नाही तरी बघेन.”

 पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला.

“अगं बाई,” आई गोंधळून म्हणाल्या, “हा इथेच दारात उभा होता वाटतं. फोन मोठ्या आवाजावर असतो ना माझा, मला कमी ऐकू येतं म्हणून. थांब, हा पुन्हा रडायला लागला बघ. माझं काही ऐकत नाही. तूच बोल जरा त्याच्याशी.”

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

“सारंग,” भार्गवी म्हणाली, “ऐकलंस?”

पलीकडे त्याने नाक ओढलं.

“ऐकलं,” तो म्हणाला. “उद्या याच वेळी मी करू फोन?”