वसुधावहिनींच्या डोक्यावरची तुळई

लाइट बंदच राहू दे, अनया. माझ्या मित्राची, शशिकांतची हकिगत आहे. नागपूरला आम्ही एका बाकावर सिव्हिल शिकलो. घर पाहावं बांधून म्हणतात. या पठ्ठ्यानं पब पाहिला बांधून. इंग्लंडमधला साडेतीनशे वर्षांचा पब सुटा करून कंटेनरनं आणला आणि अमेरिकेत हर्नडनच्या बाहेर उभा केला. ओकचे काळे खांब, मधे पांढरा गिलावा. खिळा एक नाही. लाकडात लाकूड खुपसायचं, वरून लाकडी खुंटी ठोकायची, बस.

त्याची बायको, वसुधावहिनी, काउंटरवर बसायच्या. डोक्यावर जाडजूड तुळई. दोन महिन्यांत त्यांचं डोकं दुखायला लागलं, ओकाऱ्या होईपर्यंत. सगळे स्कॅन नॉर्मल. पुण्याच्या वास्तुवाल्यानं व्हिडिओ कॉलवर सांगितलं, बसायच्या जागेवर तुळई हा दोष आहे, कापा. अरे, काउंटर सरकव की चार फूट! पण तसा तो चुकीच्या दिशेला जात होता म्हणे. मी फोनवर ओरडलो शशीवर. पण बायको रात्र रात्र भिंतीवर डोकं आपटते, ते त्याला बघवत नव्हतं. मलाही बघवलं नसतं.

पब उभा करणारा म्हातारा सुतार नाही म्हणाला. "इथे प्रत्येक लाकडानं दुसऱ्याला धरलंय. एक सोडवलंत तर बाकीची जे मिळेल ते धरतील."

दोन हजार एकोणीस. अकरा नोव्हेंबर, सोमवार. पब बंद. रात्री सव्वाअकराला तुळईखाली दोन लोखंडी जॅक लावून शशी करवत घेऊन शिडीवर चढला. वहिनी खाली टॉर्च धरून.

करवत चालली. भुसा पडेना. वहिनींच्या मनगटावर काहीतरी ओलं पडलं... लाल.

"शशी, थांब."

"अर्धं झालंय गं."

तेवढ्यात पहिली खुंटी सुटली. गोळीसारखी. त्याच्या उजव्या तळहातातून आरपार, मागच्या खांबात. दुसरीनं कान नेला. शिडी पडली. तो त्या एका हातावर लटकलेला...

मग खांब आत वाकले. सावकाश.

दार उघडं होतं गं. वहिनी पळू शकल्या असत्या. त्या काउंटरवर चढल्या, त्याचं मनगट धरून ओढत राहिल्या. हाडं मोडली. दोन बोटं खांबावरच राहिली. तो खाली पडला.

वर तुळईतला काप रुंद झाला. वहिनींचा हात आत गेला. मग कोपर. मग खांदा... शशीनं डाव्या हातानं पाय धरला. आतून कडकड आवाज. ओढलं. परत ओढलं.

त्याच्या हातात चप्पल आली.

...

पोलीस आले तेव्हा खांब सरळ. तुळई अखंड. रक्त सापडलं ते फक्त शशीचं. वर्षभर त्याच्यावरच संशय होता. आता तुळईखाली खाट टाकून झोपतो. पब विकत नाही.

"काका, दॅट्स नॉट पॉसिबल."

मीही तेच म्हणालो, अनया. म्हणून स्वतः शिडी लावली. तुळईच्या पोटाला वहिनींची सोन्याची पाटली दिसते, अर्धी बाहेर. कुंपणाच्या तारेभोवती झाड वाढतं ना, तसं लाकूड तिच्याभोवती वाढलंय. एका वर्षाचं एक वर्तुळ. मी बोट ठेवून मोजली. एक्क्याण्णव.