परतीची धून

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा. फार जुना ग्रीस देश. पहाट फुटते आहे, समुद्र शिशासारखा करडा आहे आणि दोन कड्यांमध्ये दडलेल्या कोर्याना नावाच्या इवल्याशा बंदराच्या मुखावर, बुरुजापासून बुरुजापर्यंत, लोखंडी साखळी ताणलेली आहे. त्या साखळीकडे एक युद्धनौका निघाली आहे. तिचे नाव ‘घार’. तिच्यावरचे वल्हेकरी भाडोत्री; जो सरदार पोसेल, त्याचा शत्रू तो त्यांचा शत्रू.

वल्ह्यांना ताल द्यायला नौकेवर एक पावेकरी असे. ‘घारी’चा पावेकरी निकांद्र याच बंदरात जन्मला होता. तीन वर्षांपूर्वी चाकरी धरताना त्याला कुठे ठाऊक होते, की एके दिवशी आपल्याच गावावर चाल करावी लागेल!

“निकांद्रा,” नौकेचा नायक द्राकोन म्हणाला, “परतीची धून ऐकली, की तुझं गाव साखळी उतरवतं म्हणे. वाजव. चुकलास, तर ही तलवार तुझ्या पाठीशीच आहे.”

“आज्ञा, नायक. गावची धून आहे, चुकेन कशी?”

“ऐकलंत का रे?” एक वल्हेकरी हसला. “पावेबुवा माहेरी निघाले!”

परक्यांना माहीत नव्हते. कोर्यान्यात धुना दोन होत्या. एक जिवंत माणसे आणणाऱ्या नौकेची, दुसरी प्रेत आणणाऱ्या नौकेची. सूर सारे तेच. फक्त शेवटचा सूर पहिलीत चढे, दुसरीत उतरे. आणि दुसरी ऐकली, की वडीलधारे येऊन पाहीपर्यंत साखळी हलत नसे. हा फरक निकांद्राने आपल्या लेकीला, मेलित्ताला, शिकवला, तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिच्या लक्षात असेल का?

त्याने शेवटचा सूर उतरवला.

बुरुजावर मेलित्ताच्या आजोबांनी वाजवण्याची लकब ओळखून साखळीच्या रहाटाला हात घातलाच होता. “अगं, बाबा आला तुझा!”

“थांबा, आजोबा!” मेलित्ता त्यांच्या हाताला लोंबकळली. “सूर उतरला.”

“चुकला असेल, पोरी.”

“बाबा चुकत नाहीत.”

भरवेगातली ‘घार’ ताठ साखळीवर आदळली. नाळ, म्हणजे नौकेचे पुढचे टोक, फुटली, बुरुजांवरून बाण सुटले, आणि द्राकोनाने माघार घेतली. पण त्याआधी त्याने तलवारीचा शब्द पाळला.

दुपारी कोळ्यांना निकांद्राचा देह लाटांवर सापडला. त्याला घेऊन नाव बंदराच्या मुखाशी थांबली. धून वाजल्याखेरीज साखळी उतरत नसे, आणि आजोबा रहाट धरून उभे होते. कोळ्यांकडे पावेकरी नव्हता, म्हणून बुरुजावर मेलित्ताने बाबांचा जुना पावा उचलला. सारे गाव खाली मान घालून उतरत्या सुराची वाट पाहत होते.

तिने शेवटचा सूर चढवला.