टाकीच्या काचेवरचा गोल

सोमवारी टाकीच्या दाराचा रबर गायब झाला, मंगळवारी झडपेचं चाक गेलं आणि बुधवारी काचेवर कुणीतरी लाल गोल काढला. गुरुवारी सकाळी डॉक्टरांनी गुप्तहेराला दवाखान्यात बोलावलं.

गुप्तहेराबरोबर त्याचा मेव्हणा होता. हा मेव्हणा दोन वर्षांपूर्वी चार दिवस राहायला म्हणून आला होता आणि तेव्हापासून वही घेऊन मागे फिरत होता.

"पोलीस नकोत," डॉक्टर म्हणाले. "पेशंट घाबरतात. अकराला एका आजोबांची सिटिंग आहे, दोन वर्षांपूर्वी पक्षाघात झालाय त्यांना. त्याआधी हे करणारा माणूस सापडायला हवा."

खोलीत मधोमध लोखंडाची आडवी टाकी होती, एका माणसापुरती. डोक्याच्या बाजूला जाड गोल काच. पेशंटला आत झोपवायचं, दार लावायचं, आतला दाब बाहेरच्या दुप्पट करायचा आणि दीड तास शुद्ध प्राणवायू द्यायचा.

"याने दोन वर्षांपूर्वीचा पक्षाघात बरा होतो?" गुप्तहेराने विचारलं.

"काहींना फरक पडतो. खात्री कुणी देऊ शकत नाही, मीही देत नाही." डॉक्टरांनी चष्मा पुसला. "या पेशंटच्या चाळीसपैकी सव्वीस झाल्या. चौदा उरल्यात. त्यांच्या सुनेने त्यावर सगळी आशा लावलीय."

गुप्तहेराने टाकीभोवती एक फेरी मारली. "मेव्हणे, आत झोपा."

"मी? मला काही झालेलं नाही!"

"तेच तपासायचंय."

मेव्हणा आत सरकला. थोड्या वेळाने टाकीतून घुमणारा आवाज आला, "भाऊजी, काचेवर केस आहे."

टाकी चालवणाऱ्या तंत्रज्ञाने बाहेरून फडकं मारलं.

"अजून आहे."

तंत्रज्ञाने हात घालून आतूनही पुसलं.

"आहेच!"

तंत्रज्ञ बाहेरून वाकून वाकून बघत होता. "मला तर काही दिसत नाही. तुमचाच असेल, डोळ्यात गेलेला."

मेव्हण्याच्या डोक्यावर एकही केस नव्हता, त्यामुळे हा आरोप त्याला फार लागला.

गुप्तहेर तंत्रज्ञाकडे वळला. "रबर कुठे सापडला?"

"छत्र्यांच्या स्टँडमध्ये. रुमालात गुंडाळून, पावडर लावून ठेवलेला. पण माझ्याकडे जादा रबर असतोच, कपाटात. सगळा स्टाफ जाणतो. वीस मिनिटांत सिटिंग चालू केली."

"आणि चाक?"

"कॉरिडॉरमधल्या खिडकीच्या कुंडीत. पाना माझ्या ट्रेमधला वापरला होता. एक गंमत सांगू? चाक काढलं, पण नट परत त्याच्या जागी फिरवून ठेवला होता. हरवू नये म्हणून! असला चोर मी बघितला नाही."

"लाल गोल?"

"काचेच्या वरच्या काठाला. बटणाएवढा, वाकडातिकडा, मेणासारख्या पेन्सिलीचा. पुसला आणि टाकी चालू केली."

"आत काय होतं?"

"टाकीच्या?"

"गोलाच्या."

तंत्रज्ञाने हातातलं फडकं झटकलं. गोलाच्या आत कुणी बघतं का?

फिजिओथेरपिस्ट बाई दहाच्या ठोक्याला आल्या. त्यांनी आपली बाजू आधीच तयार ठेवली होती.

"माझा या टाकीवर विश्वास नाही, हे मी डॉक्टरांच्या तोंडावर सांगितलंय. मेंदूचा गेलेला भाग हवेने परत येतो याचा पुरावा अजून अर्धाकच्चा आहे. पण विश्वास नसला म्हणून मी नट काढत बसत नाही."

"लाल पेन्सिल तुमची?"

"माझीच. सांध्यांवर खुणा करते तिने. मंगळवारी हरवली. आजोबांचा व्यायाम घेतला, त्यानंतर दिसली नाही."

"चाक गेल्याचं मंगळवारी किती वाजता कळलं?"

"नऊला म्हणे. मी रोज दहाला येते, हजेरी बघा." बाई उठल्या. "आणि तुमच्या या वहीवाल्यांना सांगा, खांदे पाडून बसू नका."

मेव्हण्याने हे वहीत लिहिलं आणि ताठ बसला.

शेवटी सून आली. चाकांच्या खुर्चीत सासरे होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, डावा खुर्चीच्या कडेवर. खुर्चीला पिशवी लटकत होती, तिच्यात टॉवेल, रुमाल आणि पाठीला लावायची पावडर.

"मी साडेआठला बाबांना कॉरिडॉरमध्ये सोडून कामावर पळते, अकराला सुट्टी काढून परत येते," ती म्हणाली. "तेवढ्यात ते कुठे जाणार? आमचे बाबा आयुष्यभर कारखान्यांत बॉयलर तपासत फिरले. घरी कुकरचा रबरसुद्धा दुसऱ्या कुणाला काढू द्यायचे नाहीत. धुऊन, पुसून, पावडर लावून ठेवायचे. आता..."

"बोलतात?"

"एकच शब्द उरलाय."

"बरं," सासरे म्हणाले.

"हाच. पाणी हवं? बरं. दिवा बंद करू? बरं. एकदा दारात बोट चेमटलं, तेव्हाही बरंच म्हणाले." ती हसायला गेली, जमलं नाही. "पण गेल्या शुक्रवारपासून टाकी दिसली की तीनतीनदा म्हणतात. उत्साह वाढलाय. म्हणून वाटतं, या चौदा चुकू नयेत. एक शब्द वाढला तरी पुरे."

अकरा वाजले. तंत्रज्ञाने सासऱ्यांना टाकीच्या फळीवर घेतलं.

"बरं! बरं! बरं!"

"बघा," सून म्हणाली.

"थांबा," गुप्तहेर म्हणाला. "त्यांना बाहेर घ्या. ते नको म्हणतायत."

सगळे थांबले. तंत्रज्ञाने फळी मागे ओढली.

"मशीनवर राग असलेला माणूस रबर कापतो," गुप्तहेर सांगू लागला. "इथे रबराला पावडर लागली, नट जागच्या जागी बसला. हे काम यंत्राची कदर असलेल्या हातांचं. तंत्रज्ञ? कपाटात दुसरा रबर आहे हे त्यांना माहीत होतं. एक लपवून काय उपयोग? बाई दहाला येतात, चाक त्याआधीच गेलं होतं. सूनबाई साडेआठला निघून जातात. वस्तू सापडल्या कुठे? छत्र्यांचा स्टँड, खिडकीतली कुंडी. बसल्या माणसाच्या हाताला लागेल अशा जागी. मग साडेआठ ते नऊ इथे बसून कोण असतं?"

सगळे खुर्चीकडे बघत होते.

"पण का?" डॉक्टरांचा आवाज चढला. "आणि यातून एक सिद्ध होतं की त्यांचा हात सुधारला!"

"डावा हात आधीपासून चांगला होता, खुर्चीही ते डाव्या हातापायानेच ढकलतात," फिजिओ बाई म्हणाल्या.

"का, ते मेव्हण्यांनी सकाळीच सांगितलं."

"मी?" मेव्हणा वही चाळू लागला.

"पुसल्यावरही न जाणारा केस. तो बाहेरून दिसत नाही. आत आडवं होऊन खिडकीच्या उजेडाकडे बघितलं तरच दिसतो. कुठे होता?"

"वरच्या काठाला," मेव्हणा म्हणाला आणि टाकीपासून दोन पावलं मागे सरकला.

डॉक्टर स्वतः टाकीत शिरले. आत बॅटरी लागली, विझली, परत लागली. बाहेर येऊन त्यांनी बॅटरी तंत्रज्ञाच्या हातात दिली. "तडा आहे. या दाबाला काच केव्हाही फुटली असती."

"काल संध्याकाळी आत एक मुलगी होती," तंत्रज्ञ म्हणाला. "एकोणीस वर्षांची." आणि त्याने टाकीचा मुख्य खटका बंद केला.

"तडा बहुधा शुक्रवारी पडला," गुप्तहेर म्हणाला. "यांनी तोंडाने सांगितलं, तुम्हाला उत्साह वाटला. रबर काढला, तुम्ही दुसरा बसवला. चाक काढलं, तुम्ही शोधून आणलं. शेवटी बोट ठेवून दाखवावं तसा गोल काढला, तो तुम्ही पुसलात. आणि तिन्ही दिवस हे दुप्पट दाबात त्या तड्याकडे बघत पडून होते. दाबाचं काय होतं, हे इथे सगळ्यात जास्त त्यांनाच माहीत होतं."

सून खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली. पिशवीत हात घातला. टॉवेलखाली लाल पेन्सिल होती.

"बाबा, मी तुम्हाला रोज आत..."

"बरं," ते म्हणाले आणि डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

तिने तो हात खाली घेऊन घट्ट धरला. "आता असं नाही. हो असेल तर एकदा दाबायचं, नाही असेल तर दोनदा. काच नवी बसवली, तर उरलेल्या चौदा घ्यायच्या?"

ते बराच वेळ विचार करत राहिले. दोन वर्षांत त्यांना विचार करायला कुणी वेळ दिला नव्हता. मग त्यांनी एकदा दाबलं. हात सोडवला, आपल्या छातीकडे बोट केलं, मग काचेकडे.

"आधी ते तपासणार," मेव्हणा म्हणाला. त्या दिवशी हे त्याला सगळ्यांच्या आधी कळलं.

नवी काच बसायला बारा दिवस लागले. तेराव्या दिवशी सासऱ्यांनी डाव्या हाताचा अंगठा काचेच्या काठावरून सावकाश फिरवला, बाहेरून एकदा आणि आतून एकदा. वीस मिनिटं लागली. डॉक्टर, तंत्रज्ञ, फिजिओ बाई परीक्षेला बसल्यासारखे उभे होते. मेव्हण्याने खांदे पाडले नव्हते.

अंगठा थांबला. त्यांनी सुनेचा हात घेतला आणि एकदा दाबला.

"बरं," ते म्हणाले.