श्वास रोखून दिलेलं माप

शिंपी मामाने भाचीच्या हाती कात्री सोपवली, त्याच सकाळी एक तरुण दुकानात शिरला. समोरच्या दवाखान्यात माणसांची वजनं, कंबरा, दंड मोजायचं त्याचं काम. उंच, काटकुळा, फुंकर मारली तर हलेल असा. गल्ली त्याला मापाडी म्हणायची.

"पॅन्ट शिवायचीय..." एवढंच बोलला आणि तिच्याकडे बघत राहिला.

"माझ्या तोंडावर शिवायची नाहीये. सरळ उभे राहा."

माप घेताना गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, ही मामाची शिस्त. तिने बघितलं नाही. पण टेप कंबरेभोवती फिरवताना याचा श्वास काही ऐकू येईना.

"तुझी पहिली पॅन्ट आहे," मामाने बजावलं. "बिघडली तर पुन्हा काज-बटणं." पोरीची कितीतरी वर्षं त्या काजांत गेली होती. तिने जीव ओतून कापली.

पॅन्ट घेऊन गेला, तो दुसऱ्याच दिवशी परत. मांडीत बरोबर बसतेय, पण कंबरेला बटण लागत नाही!

मामाने हात पुढे केला. "आण ती कात्री."

दुसरी कुणी मुसमुसली असती. हिने टेप उचलली. "आधी माप घेते, मग हवं ते कर." टेप फिरली. कंबर चांगली दोन बोटं जास्त भरली.

"काय हो, रातोरात पोट सुटलं?"

"होतंच ते," तो पुटपुटला.

"या काडीला?"

"काडीलाच असतं... दिसत नाही इतकंच. हातापायांवर मांस कमी, आणि चरबी आत, पोटाशी."

"ती तिथेच का बसते?" कात्री जायची वेळ आली, तरी हिला विचारल्यावाचून राहवेना!

"पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या उपासमार काढली. शरीर काटकसर शिकलं असेल, असं काहीजण म्हणतात. जाणत्यांचे वाद अजून मिटलेले नाहीत."

"म्हणजे उपाशी ते राहिले आणि पोट तुम्हाला?"

तो हसला. "आता पोटभर मिळतं, पण सवय जुनीच. म्हणून बारीक माणसालाही शुगर गाठते."

"तुम्हाला?"

"काठावर आहे."

तिने हातातल्या टेपकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "तुमच्याकडे कंबर कशी मोजता?"

"पोट सैल सोडायला सांगतो. श्वास सोडला की मग टेप..." तो थबकला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"दिवसभर लोकांना हेच सांगता ना? मग माझ्यापुढे काय केलंत?"

मामाचं मशीन थांबलं. बाकावरची दोन गिऱ्हाइकंही मान वर करून बघू लागली. गप्प बसला असता तर अब्रू वाचली असती त्याची — आणि हिची कात्री गेली असती.

"मामा, चूक हिची नाही," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "मी पोट आत ओढून धरलं होतं. ही इतकी जवळ उभी... वाटलं, जरा बरं दिसावं."

"कुणाला?" मामाने विचारलं.

"हिलाच. रोज खिडकीतून बघतो... हिलाच."

बाकावर कुणीतरी खोकलं. मामाने मिशीतलं हसू गिळलं आणि कात्री भाचीकडे सरकवली. "शिवणीत कापड जास्तीचं ठेवलंयस ना? मग उसव. आणि तुम्ही, श्वास घ्या आता! माझ्या दुकानात गुदमरू नका."

संध्याकाळी बटण लागलं.

"शुगरवर इलाज काय?" तिने विचारलं.

"सध्या तरी चालणं. मांसाला काम दिलं की ते साखर वापरतं. पण एकट्याने चालायचा कंटाळा..."

"मला घरापर्यंत सोडा मग. लांब आहे."

घर दुकानाला लागूनच होतं, आणि हे त्याच्या खिडकीतून चांगलं दिसायचं. पण ती तळ्याच्या रस्त्याला वळली, आणि तोही शहाण्यासारखा काही बोलला नाही.